'आय ॲम सॉरी' म्हणताय, पण कुठलं सॉरी?

काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचे वडील गेले. त्या दुसऱ्या देशातल्या, इंग्रजी ही त्यांची मायबोली, आमची ओळख फक्त कॉल आणि मेलवरची, पण दोन वर्षं जवळपास रोज बोलणं असल्यामुळे चांगली होती. बातमी कळली तेव्हा मला खरंच फार वाईट वाटलं आणि मी लगेच मेसेज टाकला, 'आय फील सॉरी फॉर यू'. त्यांचं उत्तर आलं, फक्त 'थँक्स'. मला वाटलं दुःखात आहेत, बोलायची इच्छा नसेल. चार-पाच महिन्यांनी त्यांच्याच टीममधल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझा तो मेसेज त्यांना लागला होता.

कारण 'आय फील सॉरी फॉर यू' म्हणजे 'मला वाईट वाटलं' नाही, तर 'मला तुझी कीव येते'. भांडणात, समोरच्याला कमी लेखायला लोक हे वाक्य सर्रास वापरतात. मला म्हणायचं होतं 'आय ॲम सो सॉरी टू हिअर अबाउट युअर फादर' किंवा नुसतं 'आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस'. शब्द तोच सॉरी, तेच फॉर, पण फॉरच्या पुढे लॉस आला तर सांत्वन आणि यू आला तर कीव. व्याकरणात चूक नव्हती, स्पेलिंग बरोबर होतं, आणि तरी वडील गेलेल्या माणसाला मी कीव पाठवली होती.

तेव्हापासून या एका शब्दामागे मी लागलोय, आणि माझं स्पष्ट मत झालंय की इंग्रजीत सतत वापरला जाणारा आणि आपण सर्वात कमी समजून घेतलेला शब्द हाच आहे.

बघा ना, आपण मराठीत सॉरी घेतला तो फक्त माफीसाठी. लहान मुलाला आपण सांगतो 'जा, सॉरी म्हण त्याला'. कुणाचा धक्का लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी. पण कुणी गेलं म्हणून भेटायला गेलो तर मराठीत कुणी सॉरी म्हणेल का? तिथे आपण 'फार वाईट झालं' म्हणतो, नाहीतर गप्प बसून राहतो. म्हणजे शब्दाचा अर्धाच भाग आपल्याकडे आला आणि अर्धा तिकडेच राहिला. आणि गंमत नाही, खरं सांगतो, जो तिकडे राहिला तोच जुना. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सोअर' म्हणजे दुखरं, ठणकणारं या शब्दाच्या कुळातला. (सॉरो म्हणजे दुःख, तो दिसायला सख्खा भाऊ वाटतो पण त्याचं मूळ वेगळं.) म्हणजे सॉरीचा मूळ अर्थ एवढाच की माझं मन दुखतंय. का दुखतंय, माझी चूक झाली म्हणून की तुझ्यावर वाईट वेळ आली म्हणून, ते हा शब्द सांगतच नाही, ते पुढच्या शब्दांनी सांगायचं असतं.

आपल्या 'दिलगीर'चं अगदी असंच झालंय. फारसीत दिलगीर म्हणजे ज्याचं मन खिन्न झालंय तो, दुःखी. आणि आज आपण छापतो 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. माफी मागायची नसते तेव्हा पुढारी दिलगिरी व्यक्त करतात, आणि लोक लगेच विचारतात की माफी मागितली की नुसती दिलगिरी? हा फरक आपल्याला मराठीत बरोबर कळतो, इंग्रजीत मात्र आपण सॉरी ऐकलं की माफी मागितली असं धरून चालतो.

या फरकावर दोन मोठे देश ११ दिवस अडकून बसले होते, विश्वास नाही बसत? १ एप्रिल २००१ ला दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकेचं एक टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी पायलट वांग वेई गेला, अमेरिकेचं विमान कसंबसं हायनान बेटावर उतरलं आणि आतले २४ जण चीनच्या ताब्यात. चीनचं म्हणणं माफी मागा, अमेरिकेचं म्हणणं आमची चूकच नाही तर माफी कसली. शेवटी ११ एप्रिलला अमेरिकेच्या राजदूतांनी एक पत्र दिलं, त्यात 'व्हेरी सॉरी' दोनदा होतं, एकदा पायलटच्या कुटुंबाच्या आणि चिनी जनतेच्या दुःखाबद्दल आणि एकदा तोंडी परवानगी न मिळता विमान उतरलं त्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना ते माफीच्या जवळ जाणाऱ्या शब्दांत सांगितलं, अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं की ही माफी नाही, आणि २४ जण घरी गेले. दोघांनी एकच शब्द वाचला आणि आपापला अर्थ घेतला. मुत्सद्देगिरीत हे चालतं, जीव वाचले, चांगलंच झालं. पण रोजच्या आयुष्यात, दोन माणसांमध्ये, असा दोन्हीकडे झुकणारा सॉरी मला नको वाटतो.

कायद्यालाही याची दखल घ्यावी लागलीये. अपघात झाला, एकजण गाडीतून उतरून धावत आला आणि म्हणाला आय ॲम सॉरी, आता ही गुन्ह्याची कबुली की माणुसकी? या भीतीने लोक, विशेषतः डॉक्टर, तोंडच उघडेनात. म्हणून ब्रिटनच्या २००६ च्या एका कायद्यात लिहिलंय की नुसती माफी मागितली म्हणजे निष्काळजीपणा कबूल केला असं होत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने तर २००९ मध्ये यासाठी माफीचा वेगळा कायदाच केला.

आणि याच्या उलट टोकाचा एक प्रकार आहे ज्याचा मला मनापासून राग येतो. एका कंपनीने माझ्याकडून एकाच बिलाचे दोनदा पैसे कापले, तक्रार केली तर उत्तर, 'वी आर सॉरी दॅट यू फील धिस वे'. पहिल्यांदा वाचून मला बरं वाटलं, चला, चूक मान्य केली. मग नीट वाचलं. तुम्हाला असं वाटतंय याचं आम्हाला वाईट वाटतं. म्हणजे चूक पैसे कापण्यात नाही, माझ्या वाटण्यात! 'सॉरी इफ यू वेअर हर्ट' हे त्याचंच भावंड, तुम्ही दुखावला असाल तर, म्हणजे दुखावला आहात हेच अजून मान्य नाही. आणि 'सॉरी, बट' च्या पुढे जे येतं त्यासाठीच ते वाक्य सुरू झालेलं असतं, सॉरी फक्त दार उघडायला. असलं वाक्य तुम्ही नकळत लिहिलंत तर समोरचा इंग्रजी चांगलं जाणणारा माणूस ते बरोबर ओळखतो, आणि तुमची माफी खरी असली तरी वाया जाते.

बाकी सूर चढवून विचारलेलं 'सॉरी?' म्हणजे काय म्हणालात, हे बहुतेकांना माहीत असतं. 'यू विल बी सॉरी' ही धमकी असते, तेही सिनेमे बघून कळलेलं असतं. घोळ होतो तो माफी आणि दुःख या दोन अर्थांतच.

मी आता एक करतो. लिहिण्याआधी मनात मराठीत म्हणून बघतो, 'माझं चुकलं' की 'वाईट वाटलं'? चुकलं असेल तर सरळ 'आय अपॉलोजाइज फॉर' आणि पुढे मी काय केलं ते, हात न झटकता. वाईट वाटलं असेल तर सॉरी आणि पुढे ती घटना, ते दुःख. दोन्ही असेल तर दोन्ही. १३ फेब्रुवारी २००८ ला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केविन रड संसदेत उभे राहिले, आदिवासींची मुलं सरकारने घरातून उचलून नेली होती त्याबद्दल, आणि त्यांच्या त्या निवेदनात आधी 'वी अपॉलोजाइज' आहे ते कायदे आणि धोरणांबद्दल, आणि नंतर 'वी से सॉरी' आहे त्या लोकांच्या वेदनेबद्दल. त्याआधीच्या सरकारने १९९९ मध्ये नुसता 'रिग्रेट' म्हणजे खेद नोंदवला होता आणि तो लोकांना पुरला नव्हता. रड यांची ती दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा, एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

त्या बाईंना मी पुन्हा मेल केला, वडील जाऊन जवळपास सहा महिने झाले होते. पहिल्या ओळीत माझ्या त्या शब्दांबद्दल अपॉलोजाइज, मराठीत विचार करताना काय म्हणायचं होतं ते, आणि शेवटी त्यांच्या वडिलांबद्दल 'आय ॲम सो सॉरी'. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चांगलं दीड पान, सगळं वडिलांबद्दल.