‘दुःख दाखवा, तरच पैसा येतो’: या सल्ल्याला नागपुरातून उत्तर

सामाजिक संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. मथळा बदलतो, पाठवणारा बदलतो, मजकूर मात्र तोच राहतो. देणगी हवी तर दुःख दाखवा, म्हणजे रडका चेहरा, फाटके कपडे, रिकामं ताट. परवानगी विचारत बसू नका, क्षण निघून जातो. रस्त्यावर फोटो काढायला परवानगी लागतच नाही. फारच वाटलं तर चेहरा ब्लर करा. कॅमेरा भारी घ्या. आणि प्रत्येक वाटपाचा फोटो घेणाऱ्याच्या चेहऱ्यासकट ठेवा, कारण देणगीदाराला पुरावा लागतो.

हा सल्ला पुढे पाठवणारे बहुतेक लोक प्रामाणिक आहेत. कार्यकर्त्यांच्या पगाराची तारीख जवळ आली आणि खात्यात पैसे नसले की काय होतं, हे त्यांनी भोगलेलं असतं. म्हणून त्यांच्या एकेका मुद्द्याला नीट उत्तर देतो.

‘रडक्या चेहऱ्याला जास्त पैसे मिळतात.’ याला आधार आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. डेबोरा स्मॉल आणि निकोल व्हेरोची या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जाहिरातीतल्या मुलाचा चेहरा दुःखी असेल तर लोक जास्त देतात असं दिसलं होतं. पण तिथे मोजलं काय गेलं, तेही पाहा. अनोळखी माणसाने अनोळखी मुलाचं चित्र एकदा पाहिलं आणि त्या क्षणी किती दिलं, एवढंच. तोच माणूस पुढच्या वर्षी परत आला का, आणि त्या मुलाचं पुढे काय झालं, हे या मोजमापात येत नाही. संस्था तर दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वर्षाच्या देणगीवर तगते.

उलट बाजूचा पुरावाही आहे. आफ्रिकेत आरोग्याचं काम करणाऱ्या ॲम्रेफ या संस्थेसाठी ब्रिटनमध्ये एक प्रत्यक्ष चाचणी झाली, तिचा अहवाल २०२२ मध्ये आला. देणगीदारांना दोन तऱ्हेची पत्रं पाठवली होती. एक निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांनी नेहमीच्या पद्धतीने केलेलं. दुसरं नैरोबीच्या किबेरा वस्तीतले आरोग्यसेवक पॅट्रिक मलाची यांनी आपली गोष्ट आपल्या पद्धतीने मांडलेलं, फोटोंसकट. मलाचींच्या पत्राला जास्त पैसे आले. तेव्हा दुःख विकल्याशिवाय निधी येतच नाही, हा नियम म्हणून टिकत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. रडक्या चेहऱ्याचा हा सल्ला जिथे जन्मला, तिथे फोटोतला माणूस एका खंडात राहत होता आणि फोटो पाहणारा दुसऱ्या. आपला फोटो कुठे छापून आला हे त्या माणसाला कधी कळतच नसे. तिथेही १९८१ मध्ये जॉर्गन लिसनर या डॅनिश कार्यकर्त्याने या प्रकारावर जाहीर टीका केली आणि १९८९ मध्ये युरोपातल्या संस्थांनी स्वतःसाठी आचारसंहिता केली. नागपुरात तर हे अंतरच नाही. धरमपेठेत ज्या घरातून देणगी येते, त्याच घरी फोटोतली ताई सकाळी पोळ्या लाटायला येते. संस्थेने दुपारी टाकलेला फोटो संध्याकाळपर्यंत तिच्या मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर असतो. ‘हिच्या घरी खायला नाही’ ही ओळ मुलीच्या वर्गात वाचली जाते. इथे फोटो काढताना पाहणाऱ्यांत ती मुलगीही आहे, हे धरूनच चालावं लागतं.

विदर्भाने याची किंमत फार मोजली आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले, पॅकेज जाहीर झालं आणि त्या सुमारास नागपूर विमानतळावर उतरून वर्धा-यवतमाळकडे जाणाऱ्या कॅमेऱ्यांची रीघ लागली. तेव्हापासून एक चित्र पक्कं झालं: दारात उभी बाई, हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो, नजर जमिनीकडे. बाई आपणहून तशी उभी राहत नाही. ‘ताई, फोटो हातात धरा’ असं कुणीतरी सांगतं. ते चित्र इतक्या वेळा काढलं गेलंय की आता त्यातून काहीच कळत नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे? कर्ज बँकेचं की सावकाराचं? सरकारी समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवलं की ‘अपात्र’? एक लाखाची मदत त्यावरच अवलंबून असते. ती बाई तलाठ्याकडे किती फेऱ्या मारतेय? खरी गोष्ट इथे आहे. फेरफार होऊन सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं आणि तो कागद ती वाचतेय, असा एक व्हिडिओ करून पाहा. संस्थेने नेमकं काय केलं, हे देणगीदाराला पहिल्यांदा दिसेल. दुःख त्यातही आहे, फक्त त्याच्यासाठी तिला मान खाली घालून उभं करावं लागत नाही.

अशी उदाहरणं आपल्या जवळचीच आहेत. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं त्यांनी पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. ते काम जगभर पोचलं ते खेळणाऱ्या मुलांच्या चित्रांनी. वरोऱ्याचं आनंदवन लोकांना आठवतं ते शेतीने, हातमागाने, तिथल्या माणसांनी उभारलेल्या कामाने. कुष्ठरोगाच्या जखमांचे फोटो दाखवणं सहज शक्य होतं. बाबा आमट्यांच्या कामाची ओळख जखमांवर उभी राहिली नाही.

‘परवानगी विचारली की फोटो कृत्रिम होतो.’ कॅमेरा रोखून ‘काढू का?’ असं विचारलं तर होतोच. पण ती परवानगी नव्हेच. धान्याच्या किटसाठी रांगेत उभी असलेली बाई नाही म्हणेल कशी? किट हातात पडलेलं नसताना ‘हो’ला काही अर्थ नसतो. म्हणून आधी द्यायचं ते देऊन टाका. फोटोचं दुसऱ्या दिवशी विचारा, आणि ज्याने वाटप केलं त्याने विचारू नका, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘नाही म्हणालात तरी तुमचं काही कमी होणार नाही.’ मग स्वतःचा मोबाईल काढून संस्थेचं पान दाखवा. फोटो इथे दिसेल, हे लोक पाहतील, पुढे पाठवतील. आम्ही आमच्याकडून पुसू, पण दुसऱ्यांनी साठवलेला पुसणं आमच्या हातात नाही. हे सगळं ज्या भाषेत घरात बोलणं होतं त्या भाषेत सांगा. नागपूरच्या वस्त्यांमध्ये ती मराठीच असेल असं नाही, हिंदी असेल, छत्तीसगढी असेल, गोंडी असेल. सांगून झाल्यावर, ‘तुम्हाला काय समजलं ते मला सांगा’ असं म्हणा. इंग्रजी अर्जावर घेतलेला अंगठा संस्थेची फाईल भरतो, यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

पालकांनी हो म्हटलं आणि मूल कॅमेऱ्यापासून तोंड फिरवतंय, तर फोटो काढू नये. यावर चर्चा नको.

एवढं करून फोटो नैसर्गिक येतो का? जास्त चांगला येतो. आपण कशासाठी आलोय हे ज्याला ठाऊक आहे तो आक्रसून बसत नाही. थोडा वेळ गप्पा मारा, मोबाईल खिशात ठेवा. माणूस आपल्या कामाला लागतो, तेव्हा काढा. आणखी एक गोष्ट प्रत्येक वेळी घडते: ‘थांबा, साडी बदलून येते.’ आणि कार्यकर्ता म्हणतो, ‘नको, हीच राहू द्या.’ त्या एका वाक्यात फोटो कुणाचा हे ठरून जातं. तिला साडी बदलू द्या. फोटो छापून तिला नेऊन द्या, त्याला चहाच्या दोन कपांएवढा खर्च येतो. पुढच्या भेटीत तो भिंतीवर लावलेला दिसला तर समजा, काम नीट झालं.

‘सार्वजनिक ठिकाणी परवानगी लागत नाही.’ हा मुद्दा सर्वांत धोकादायक आहे, कारण तो कायद्याच्या आवाजात सांगितला जातो. व्हरायटी चौकात सिग्नलला भीक मागणारं मूल घ्या. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. अशा मुलाची चौकशी, तपास किंवा न्यायालयीन प्रक्रिया यांबद्दल सांगताना त्याचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही कोणत्याही माध्यमातून उघड करायला कलम ७४ मनाई करतं, फोटोलाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं असेल तर बाल कल्याण समिती कारणं लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते, संस्थेचा सचिव नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची ओळख पॉक्सो कायद्याने जपली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम २४ सांगतं की मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय असलेल्या शहरात हे तोंडपाठ हवं. एचआयव्हीबाबत २०१७ चाच वेगळा कायदा आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमती कशी हवी, तर मोकळी, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त; आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं. ‘आपण चांगलंच काम करतोय’ हा अपवाद यातल्या कशातही नाही.

‘चेहरा ब्लर केला की झालं.’ कुणापासून लपवलं? दिल्लीतल्या देणगीदारापासून. शेजारणीला पडदा ओळखू येतो, सायकल ओळखू येते, गणवेशावरचा शाळेचा बिल्ला ओळखू येतो, व्हिडिओत आवाज ओळखू येतो. डोळ्यांवरची काळी पट्टी तर निव्वळ समाधानासाठी असते. मोबाईलने काढलेल्या फोटोत लोकेशन साठवलेलं असू शकतं. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की तेही सोबत जातं.

विदर्भात हा मुद्दा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे अधिक गंभीर होतो. एखाद्या शिबिरात ‘सिकलसेल रुग्णांना मदत’ अशा फलकाखाली आठ वर्षांच्या मुलीला उभं करून फोटो काढला. मुलगी एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली; तेव्हा आई आणि वडील दोघांकडेही तो जनुक आहे. बहिणींकडे असण्याची शक्यता आहे. एका फोटोने अख्ख्या घराचा रक्ताचा रिपोर्ट गावासमोर ठेवला, आणि तोही अशा भागात जिथे या एका कारणावरून लग्नं मोडतात. संमती मुलीच्या आईची घेतली असेल. लग्नाच्या वयाच्या मोठ्या बहिणीला कुणी विचारलं? अशा वेळी चेहरा धूसर करण्यापेक्षा मुळात वेगळं चित्र विचारात घ्या: तपासणी करणाऱ्या ताईचे हात, गोळ्यांची डबी, दवाखान्यापर्यंतचा रस्ता, पाठमोरी चाललेली मायलेक, त्यांच्या वस्तीपासून दूर काढलेली. मग कुणीतरी म्हणतं, ‘एआयने चेहरा तयार करू.’ २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने कोलंबियातल्या आंदोलनांसाठी तशी चित्रं वापरली आणि टीका झाल्यावर ती काढून टाकावी लागली. ज्या संस्थेचं सगळं भांडवल विश्वास आहे, तिने हा खेळ खेळू नये.

‘चांगला कॅमेरा हवा.’ नको. मोबाईल पुरतो. बसलेल्या मुलाचा फोटो उभ्याने काढू नका, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. मे महिन्यातल्या दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, सकाळी सातला जा किंवा दाराजवळच्या उजेडात बसवा. व्हिडिओसाठी कॉलर माईक लावा. कूलर बंद करायची विनंती करा आणि उत्तर संपलं की लगेच सुरू करायला सांगा. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत कुणालाही आपल्यासाठी घामात बसवू नये.

राहिला शेवटचा मुद्दा: ‘देणगीदाराला पुरावा लागतो.’ लागतो, आणि लागायलाच हवा. पण सहा पाहुण्यांनी मिळून धरलेलं एक ब्लँकेट, मागे बॅनर आणि कडेला अवघडून उभा म्हातारा, हा फोटो फक्त पाहुणे आल्याचं सिद्ध करतो. ब्लँकेटं किती आली, किती जणांना गेली, हे त्यावरून कळत नाही. ते बिलावरून, साठ्याच्या नोंदीवरून, सह्यांच्या रजिस्टरवरून कळतं. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे त्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीचा, दाखला नेहमी दिला जातो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ आणि त्याखालच्या नियमांत पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचं मुख्य वित्त अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं असतं, मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन असतं. लाभार्थ्याचा चेहरा कुठेही मागितलेला नाही. तो मागतो कंपनीचा जनसंपर्क विभाग, आणि त्याला नाही म्हणता येतं. बांधलेल्या टाकीचा, दुरुस्त केलेल्या शाळेच्या छताचा लोकेशनसह फोटो जरूर द्या.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या रस्त्यांवर संस्था आणि साधी कुटुंबंही लाखो लोकांना जेवू घालतात. तिथे जेवणारा कुणी ‘लाभार्थी’ नसतो, तो आलेला पाहुणा असतो. या शहराला ही रीत शिकवावी लागत नाही.

सीएसआरच्या पुढच्या करारात हे आधीच लिहून घ्या: वाटपाचे चेहऱ्यासहित फोटो मिळणार नाहीत, त्याऐवजी रजिस्टर आणि हिशेब पाहायला कधीही या. आणि वार्षिक अहवालासाठी जुनं फोल्डर उघडाल तेव्हा त्यातल्या मुलांची वयं मोजा. तेव्हा सहावीत असलेला मुलगा आज नोकरीच्या मुलाखती देत असेल. त्याची संमती आज पुन्हा घ्या. तो सापडत नसेल तर तो फोटो अहवालात घालू नका.