लास्लो पाप घाबरून पळाला नव्हता, त्याला लढू दिलं नाही

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज, "मामा हे खरंय का?" आणि खाली एक फॉरवर्ड. पोरगा चौदाचा, दोन वर्षं झाली बॉक्सिंग करतोय, डावखुरा, म्हणून मीच त्याला लास्लो पापचे जुने व्हिडिओ दाखवले होते. आता कुणीतरी त्यांच्या क्लासच्या ग्रुपवर हे टाकलंय: हंगेरीचा पाप ऑलिम्पिकची ३ गोल्ड जिंकणारा जगातला एकमेव बॉक्सर, पण पैशासाठी देश सोडून पळाला, प्रोफेशनलमध्ये फुसका निघाला, वर्ल्ड टायटलची वेळ आली तेव्हा घाबरून रिटायर झाला, "नावातच पाप". आणि शेवटी पालकांना सल्ला, की अमॅच्युअर मेडलच्या नादाला मुलांना लावू नका.

नावाचं आधी उरकतो. हंगेरियनमध्ये पाप म्हणजे धर्मगुरू. झालं.

"एकमेव" पण चूक आहे. १९४८ लंडन, १९५२ हेलसिंकी, १९५६ मेलबर्न, अशी सलग ३ गोल्ड जिंकणारा तो पहिला. नंतर क्यूबाच्या स्टीव्हन्सन आणि सावोन यांनीही ३-३ घेतली.

देश सोडून पळाला म्हणे. अरे १९५६ ला बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले आणि त्याच महिन्यात मेलबर्नचं ऑलिम्पिक सुरू झालं, हंगेरीचे कितीतरी खेळाडू तिकडूनच परत गेले नाहीत. पाप परत गेला! प्रोफेशनल व्हायला त्याने सरकारची रीतसर परवानगी घेतली, १९५७ मध्ये, आणि तशी परवानगी मिळालेला सोव्हिएत गटातला तो पहिला बॉक्सर. हंगेरीत प्रोफेशनल बॉक्सिंगला बंदी, त्यामुळे ट्रेनिंग व्हिएन्नात आणि सगळ्या फाइट्स परदेशात. स्वतःच्या गावातल्या लोकांसमोर प्रो म्हणून एकदाही उतरता आलं नाही त्याला.

आता ते "घाबरला". याचा मला खरंच संताप आला कारण पोराने तेवढंच डोक्यात धरलंय. १९६२ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस क्रिस्टेन्सनला हरवून पाप युरोपचा मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनगटाचा, चॅम्पियन झाला आणि ते टायटल त्याने ६ वेळा राखलं. टायगर जोन्सला हरवलं, ज्याने १९५५ मध्ये शुगर रे रॉबिन्सनसारख्या दिग्गज बॉक्सरला हरवलेलं. मग वर्ल्ड चॅम्पियन जोई जियार्डेलोशी फाइटची बोलणी सुरू झाली आणि १९६५ ला हंगेरीच्या सरकारने परवानगीच काढून घेतली, कारण पैशासाठी खेळणं समाजवादात बसत नाही. आठ वर्षं बसत होतं, नेमकं टायटल समोर आल्यावर बसेना. त्याच वर्षी होसे टोरेस लाइट हेवीवेटचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, तोच टोरेस ज्याला पापने मेलबर्नच्या फायनलमध्ये हरवलं होतं. टोरेसला संधी मिळाली आणि पापला दारातून परत बोलावलं, याला घाबरणं म्हणायचं?

फुसका म्हणणाऱ्याने रेकॉर्ड तरी बघायचं. २९ फाइट्स, २७ विजय, २ ड्रॉ, हार शून्य. २००१ मध्ये त्याला इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते उगाच नाही, वर्ल्ड टायटलची एकही फाइट न खेळता घेतलंय.

एक मान्य करतो, नाइलाजाने. वर्ल्ड टायटल त्याच्याकडे नव्हतं हे खरं आहे. प्रो झाला तेव्हा वय ३१, हातांची दुखणी कायमची, १९६५ ला चाळिशी जवळ आलेली. जियार्डेलोकडून हरलाही असता कदाचित. पण रिंगमध्ये उतरून हरणं वेगळं, त्याला उतरूच दिलं नाही.

राहिला तो पालकांना सल्ला. पाप नंतर १९७१ पासून वीसेक वर्षं हंगेरीच्या टीमचा कोच होता, अमॅच्युअर पोरांनाच शिकवत होता. आज बुडापेस्टचा एक मोठा इनडोअर हॉल त्याच्या नावाने आहे.

हे सगळं भाच्याला रात्रीच टाइप करून पाठवलं. सकाळी त्याचा रिप्लाय, "मामा, टोरेसवाली फाइट पाठव ना."