रसग्रहण, दुपारी सव्वाचारला

बार्सिलोनातलं सग्रादा फामिलिया हे चर्च बघायचं तर तिकिटावर वेळ छापलेली असते. आमची सव्वाचारची होती. म्हणजे सव्वाचारला आपण भारावून जायचं, हे पैसे भरून आधीच ठरलेलं. माझी अडचण अशी, की कुठल्याही थोर गोष्टीपुढे उभं केलं तर पहिली काही मिनिटं मला काहीच वाटत नाही. मग भूक लागते. बायकोला हे माहीत आहे, म्हणून तिने हॉटेलातच बजावलं, "'भारी आहे' सोडून दुसरं काहीतरी बोल. ताई-दाजी बरोबर आहेत."

दाजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. कुठल्याही इमारतीत शिरले की ते आधी छताकडे बघतात, ओल शोधायला.

येशूजन्माच्या बाजूने सुरुवात केली. इथे दगडात एक इंच मोकळा सोडलेला नाही. पानं, पक्षी, देवदूत, आणि खांबांच्या बुडाशी कासवं, समुद्राकडच्या अंगाला समुद्रातलं, डोंगराकडच्या अंगाला जमिनीवरचं. कासव दिसताच ताईचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिचं रसग्रहण तिथेच पूर्ण झालं. मी मात्र मान वर करून उभा. कानातलं यंत्र सारखं वर बघा म्हणत होतं. गळपट्टा लावून आलो असतो तर बरं झालं असतं.

आत गेलो आणि दाजी थबकले.

"खांब ओळंब्यात नाहीत," ते म्हणाले.

खरंच नाहीत. खांब तिरके आहेत, वर जाऊन त्यांना झाडासारख्या फांद्या फुटतात आणि त्यांच्यावर पंचेचाळीस मीटरवर छत टेकलंय. भार जसा खाली उतरतो त्याच रेषेत खांब कलता ठेवला, तर भिंतींना बाहेरून टेकू द्यावे लागत नाहीत. जुन्या गॉथिक चर्चच्या त्या टेकूंना इथला वास्तुविशारद गाउदी कुबड्या म्हणायचा. हे बायको पुस्तिकेतून वाचून दाखवत होती. दाजी ऐकत नव्हते. ते एका खांबाला तळहात लावून उभे होते. "हा दगड वेगळाय," ते म्हणाले, "आणि तो पलीकडचा वेगळा." तेही खरं निघालं. ज्या खांबावर भार जास्त, त्याला दगड जास्त कठीण. मधोमध पॉर्फिरी, मग बेसाल्ट, ग्रॅनाइट आणि हलक्या भाराला वालुकाश्म. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. तो ओळखीचा निघाल्यावर दाजींच्या चेहऱ्यावर गाववाला भेटल्याचा आनंद पसरला.

खाली संग्रहालयात एका मॉडेलपाशी तर ते बराच वेळ हललेच नाहीत. छताला दोऱ्या टांगलेल्या, दोऱ्यांना छोट्या छोट्या पिशव्यांची वजनं. गाउदीने दुसऱ्या एका चर्चसाठी असं टांगून ठेवलं होतं. लोंबत्या दोऱ्या आपोआप जो आकार घेतात तो उलटा केला की कमान तयार, गणित वजनांनीच करून टाकलेलं. दाजींनी वाकून, मान उलटी करून ते पाहिलं. त्या वयात.

मग इतिहास निघाला, आणि दाजी खुलले. पायाभरणी १८८२ ची. वर्षभरात पहिला वास्तुविशारद सोडून गेला. ("बिल अडकलं असणार.") गाउदीने त्रेचाळीस वर्षं काम करून हयातीत एकच मनोरा पुरा झालेला पाहिला. १९२६ मध्ये त्याला ट्रामने उडवलं, तेव्हा अंगावरच्या कपड्यांवरून लोकांना तो भिकारी वाटला. ("म्हणजे टक्केवारी घेत नव्हता.") १९३६ मध्ये यादवी युद्धात नकाशे जळाले, मॉडेलं फोडली गेली आणि पुढच्यांनी तुकडे जुळवून काम चालू ठेवलं. इथे मात्र दाजी गंभीर झाले. रेकॉर्ड जळाल्यावर काम चालू राहिलेलं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. सरकारी निधीही नाही, सगळं देणग्यांवर आणि आमच्यासारख्यांच्या तिकिटांवर.

पण खरा घाव पुढे बसला. बांधकाम परवानगीचा अर्ज १८८५ चा, मंजुरी २०१९ ची. ज्या गावाकडे अर्ज केला ते गाव मधल्या काळात बार्सिलोनातच विलीन झालं. शेवटी शेहेचाळीस लाख युरो शुल्क भरून कागद हातात पडला. दाजी बाकावर बसले. "एवढ्या लांब येऊन," ते म्हणाले, "घरी आल्यासारखं वाटलं बघ."

तोवर पश्चिमेकडच्या काचांतून ऊन आत आलं होतं. त्या बाजूला तांबड्या-केशरी काचा आहेत, पूर्वेला निळ्या-हिरव्या. फरशी, खांब, फोटो काढणारी माणसं, ताईची पर्स, सगळं केशरी झालं. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात बायकोने स्वतःच "भारी आहे" म्हणून टाकलं.

दुसऱ्या दाराबाहेर शिल्पकार सुबिराक्सची शिल्पं आहेत, येशूच्या यातनांची. टोकदार, हाडकुळी, कोरडी. पुष्कळांना ती आवडत नाहीत. मला आवडली, कारण तिथे डोळ्यांना टेकायला मोकळी जागा मिळते. शेजारी सोळा आकड्यांचा चौकोन आहे. कुठूनही बेरीज करा, तेहेतीस येते, येशूचं मृत्यूसमयीचं वय. ताईने आडवी, उभी आणि तिरकी करून खात्री केली. भाजीवाल्यालाही ती तशीच छळते.

मुख्य दर्शनी बाजू अजून बाकी आहे. तिथे मायोर्का रस्त्यावरून मोठा जिना बांधायचा बेत आहे आणि त्यासाठी समोरच्या राहत्या इमारती पाडाव्या लागतील म्हणून तिथले रहिवासी अनेक वर्षं विरोध करताहेत. हे कळल्यावर दाजींनी चर्चकडे पाठच फिरवली. "पर्यायी जागा कुठे देणार? तोवरचं भाडं कोण देणार?" समोर तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दाजींनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन शुद्ध मराठीत हाक दिली, "तोंडी काही ऐकू नका! सगळं लेखी घ्या!"

आजोबांनी आमच्याकडे बघितलं, हातातली बनियन दोरीवर नीट पसरली, चिमटा लावला आणि आत जाऊन पडदा ओढून घेतला.