टेलला ओढ नाही

काल सकाळी साडेदहाच्या सुमारास मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर पालथा पडलो होतो. पाय दाराबाहेर, डोकं पुढच्या सीटखाली आणि पाठीवर घोंघावणारा व्हॅक्यूम क्लीनर. वजन साडेपाच किलो. तो मी ठेवलेला नव्हता. ज्यांनी ठेवला ते शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मला कालव्यांबद्दल सांगत होते.

हे सगळं नळी वीतभर कमी पडली म्हणून.

मेव्हण्याच्या पोरांनी गाडीत भेळ खाल्ली, हे एका वाक्यात संपवतो, कारण मेव्हणा हे वाचणार आहे. कुरमुरे सीटच्या फटीत, शेव सीटबेल्टच्या बक्कलमध्ये आणि चिंचेची चटणी जिथे जायला नको तिथे. पार्किंगमधला प्लग सोसायटीने मागच्या वर्षी कुलूपबंद पेटीत घातला. कुणी चोरून स्कूटर चार्ज करत होतं म्हणे. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून १० मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडला. त्यापुढे यंत्राची स्वतःची ५ मीटर वायर. वायरीच्या बाबतीत मी अंबानी होतो.

नळी मात्र १४७ सेंटिमीटर. बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजली. मोजावी लागली, कारण खोक्यावर ती कुठेही छापलेली नाही. वायरीची लांबी छापली आहे, उद्गारचिन्हासकट. वॅट छापलेत. पिशवी किती लिटरची तेही आहे. चित्रात एक बाई हसत हसत पडद्याची दांडी साफ करते आहे. तिच्या हातातली नळी चित्राच्या कडेपर्यंत जाते आणि तिथे चित्र संपतं. यंत्र कुठे आहे ते दाखवलेलंच नाही. मला आता खात्री आहे की चौकटीबाहेर तिचा नवरा ते डोक्यावर घेऊन उभा आहे.

दीड मीटर ऐकायला बरं वाटतं. पण यंत्र असतं जमिनीवर आणि हात असतो कमरेशी. म्हणजे नळीतले तीन फूट जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत यायलाच खर्ची पडतात. उरलेल्या पावणेदोन-दोन फुटांत जग साफ करायचं. फरशीला ठीक, तिथे ते दोन चकचकीत पाइप जोडता येतात. गाडीत तो पाइप वळत नाही. जिन्यावर यंत्र वरच्या पायरीवर ठेवलं तर तीन पायऱ्या होतात आणि चौथीला ते स्वतःहून खाली येतं. पंख्यासाठी ते स्टुलावर ठेवतात, असं मला वाटलं होतं. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे. माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘नळी धरून यंत्र ओढू नये.’ मग काय गूळ दाखवून बोलवायचं?

तर मी गाडीच्या दाराशी यंत्र टेकवून, हात ताणून, समोरच्या दारालगतच्या तीन कुरमुऱ्यांकडे बघत होतो. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. हातात दुधाची पिशवी. काका पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले, त्याला १४ वर्षं झाली. खातं मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही.

“नळी पुरत नाहीये,” काका म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

“नाही पुरत.”

“किती कमी पडतंय?”

“वीतभर.”

“कुणाची वीत?”

मी माझी दाखवली. काकांनी ती बघून तोंड वाकडं केलं आणि स्वतःची लावली. त्यांची वीत बरोब्बर नऊ इंच आहे, हे त्यांनी १९८४ साली साइटवर मोजून ठेवलेलं आहे. त्यांच्या हिशोबाने मला अकरा इंच कमी पडत होते. वॉचमनकडून खुर्ची मागवली गेली. तिथेच मला कळायला हवं होतं.

“टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेपटाचा प्रॉब्लेम आहे हा,” काका बसत म्हणाले.

आमची सोसायटी सिंहगड रोडला आहे आणि मागूनच मुठा उजवा कालवा जातो. खडकवासल्यातून निघतो, पर्वतीच्या पायथ्याने, हडपसर, लोणी, यवत करत थेट इंदापूरच्या दिशेने. बाकीच्यांना तो डासांसाठी माहीत. काकांना तो नातेवाइकासारखा माहीत.

“पाण्याची पाळी, म्हणजे आवर्तन, आलं की पाणी सोडतात इथे,” त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या डोक्यावर टिचकी मारली. “हे हेड. आणि तुझे कुरमुरे आहेत टेलला. हेडवाला पोटभर पितो, मधला चोरून पितो, टेलवाला पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरून आभाळाकडे बघतो. कळलं?”

“काका, पण इथे पाणी सोडायचं नाही, हवा ओढायची आहे.”

“उलटा कालवा. तत्त्व तेच.”

मी म्हटलं, मला फक्त अकरा इंच हवेत. एखादी लांब नळी मिळाली तर काम होईल. ‘लांब नळी’ हे शब्द ऐकून काकांचा चेहरा असा उजळला, जणू गेली १४ वर्षं ते याच चुकीची वाट बघत होते. दुधाची पिशवी घेऊन ते आत गेले आणि बागेला पाणी घालायचा हिरवा पाइप घेऊन आले. दुधाची पिशवी हातात तशीच. दहा फूट पाइप, अर्धा इंची. माझ्या नळीच्या तोंडाला तो चिकटपट्टीने, वर एका सुती फडक्याने आणि त्यावर पुन्हा चिकटपट्टीने बांधण्यात आला. बांधकाम उत्तम होतं, हे कबूल करतो.

“कर सुरू.”

सुरू केलं. यंत्राचा आवाज एकदम चढला. घोंघाटाची किंचाळी झाली. मला वाटलं, वा, जोर वाढला! पाइपचं टोक कुरमुऱ्याला लावलं. कुरमुरा जागेवर. गालाला लावून पाहिलं. नुसतं कुणीतरी उसासा टाकावा तसं लागलं, तेही उलटं.

“पण काका, मोटर तर जोरात पळतेय!”

“पळणारच. हवाच मिळत नाही, म्हणजे खेचायला काही नाही, म्हणजे मोकळी पळतेय.” काका मागे रेलले. “खात्यात असे पुष्कळ होते. काम कमी झालं की आवाज मोठा.”

मग त्यांनी दुधाच्या पिशवीवर बोटाने गणित मांडलं. नळी जेवढी लांब, तेवढं घर्षण जास्त. लांबी दुप्पट, घर्षण दुप्पट. हे समजण्यासारखं आहे. खरी गोम व्यासात आहे. तेवढीच हवा न्यायची तर व्यास निम्मा केल्यावर घर्षण बत्तीस पट होतं. पाचवा घात लागतो. “तुझी नळी ३२ मिलिमीटरची, माझा पाइप पावणेतेरा. अडीच पटीचा फरक. अडीचचा पाचवा घात, अठ्ठ्याण्णवच्या आत-बाहेर. शंभर धर. वर माझा पाइप तुझ्या नळीच्या दुप्पट लांब. दोनशे पट. आणि तुझी नळी तरी काय, आतून सगळ्या वळ्या. गवत माजलेल्या चारीसारखी.”

“हे तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“अर्थात.”

“मग पाइप कशाला आणलात?”

“तुला कळावं म्हणून.”

तेवढ्यात यंत्र बंद पडलं. जळका वास आला. या यंत्रांत ओढलेल्या हवेनेच मोटर थंड होते, त्यामुळे नळी चोंदली की मोटर तापते आणि स्वतःच बंद होते. पाऊण तास थांबायचं. हा पाऊण तास मी कुठे आणि कुणासोबत घालवला, ते सांगायला नको. वरच्या मजल्यावरच्या वहिनी दोनदा गॅलरीत येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी मोबाइल घेऊन.

शेवटी उपाय काकांनीच काढला. “नळी लांब होत नसेल तर हेडवर्क्स पुढे न्यायचं.” म्हणजे यंत्र गाडीच्या आत. पण मागच्या सीटवर मी. मग यंत्र कुठे?

पाठीवर.

कुरमुरे निघाले, खोटं का बोला. शेव निम्मी निघाली. यंत्राची मागून सुटणारी गरम हवा तेवढा वेळ माझ्या मानेवर येत होती आणि काका ‘टेल टू हेड साफ कर, टेल टू हेड!’ असं ओरडत होते. वॉचमनने विचारलं, “साहेबांना काय झालंय?” काका म्हणाले, “आवर्तन चालू आहे.”

रात्री पाठीला शेक देत पडलो असताना मी या यंत्राच्या मूळपुरुषाचा शोध घेतला. शिव्या नेमक्या पत्त्यावर गेल्या पाहिजेत. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंग्रज इंजिनिअर, साल १९०१. त्याचं यंत्र एवढं अवाढव्य होतं की घोडे जुंपून गाड्यावर आणावं लागे. ते रस्त्यावर उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने असेच साफ केले. म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी त्या माणसाला अचूक कळलं होतं की धूड बाहेर ठेवायचं आणि नळी आत पाठवायची. सव्वाशे वर्षांनी धूड घरात आलंय आणि नळी त्याच्याच पायाशी वेटोळं घालून बसली आहे.

आणि काकांचं घर्षण-बिर्षण मला पटतं. पण मी दोनशे पट मागितलंच नव्हतं. अकरा इंच मागितले होते. तेवढ्याने कुठल्याही मोटरचा जीव जात नाही. नळी आखूड ठेवून कंपनीचं प्लॅस्टिक तेवढं वाचतं, आणि खोकं आटोपशीर दिसतं, बास. नळी आखूड म्हणून माणूस ती ओढतो, ओढून ती यंत्राच्या मानेशी चिरते, आणि मग नवी नळी घ्या. आज सकाळी ग्राहक सेवेला फोन लावला. अठरा मिनिटं सनई ऐकवल्यावर एक मुलगी आली.

“सर, ती स्टँडर्ड लांबी आहे.”

“स्टँडर्ड कुणाच्या उंचीला?”

“सर, तुमचा फीडबॅक मी नोंदवून घेतलाय.”

“यापेक्षा लांब नळी मिळते?”

“मिळते ना सर. अठराशे पन्नास. आऊट ऑफ स्टॉक आहे.”

बायकोने हा संवाद पोळ्या लाटता लाटता ऐकला. “आठ वर्षं मी तेच यंत्र पाठीवर न घेता वापरतेय,” ती म्हणाली, “वाकून.” यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी कचऱ्याची पिशवी रिकामी करायला गेलो.

आता दुपारपासून नळीही घरात नाही. काका ‘आतल्या वळ्या मोजतो’ म्हणून घेऊन गेले. संध्याकाळी दाराखालून एक कागद आला. वीजबिलाच्या पाठीवर आमच्या पार्किंगचा नकाशा, माझी गाडी, गॅलरी, एक्स्टेंशन बोर्ड, सगळं प्रमाणात. गाडीला बाण काढून ‘टेल’ लिहिलंय. खाली सूचना: ‘उद्या स. ६.३० वा. आवर्तन. गाडी उलटी लावणे. जुना बनियन घालणे.’