परिचारिकेने धोका ‘पत्करलेलाच’ असतो का?

प्राणघातक संसर्गाची साथ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो : परिचारिकेने हा पेशा निवडतानाच, सैनिकाप्रमाणे, जिवाचा धोका पत्करलेला असतो, शिवाय आता संरक्षक पोशाख मिळतो, तेव्हा रुग्णाजवळ जाताना स्वतःचा विचार करणे म्हणजे कर्तव्यात कसूर आणि रुग्णाशी प्रतारणा.

पहिला मुद्दा पत्करलेल्या धोक्याचा. 2003 च्या सार्स साथीतील 8,096 रुग्णांपैकी 1,706 जण आरोग्य कर्मचारी होते. तो आजार त्याआधी कुणाला ठाऊकच नव्हता. मग त्याला आगाऊ संमती दिली कधी? व्यवसायाच्या नीतिनियमांतही अशी सरसकट संमती गृहीत धरलेली नाही. अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या भूमिकेनुसार, मदतीअभावी रुग्णाला गंभीर हानी होणार असेल, परिचारिकेच्या मदतीने ती टळण्याची शक्यता असेल आणि रुग्णाचा लाभ तिच्या संभाव्य हानीहून मोठा असेल, तेव्हा ती मदत कर्तव्य ठरते. एरवी तो तिच्या विवेकाचा प्रश्न राहतो. म्हणजे धोका तोलणे हा कर्तव्याचाच भाग आहे. सैनिकाची उपमा तर इथे लागूच पडत नाही, कारण सैनिक जखमी झाला म्हणून शेजारच्याला जखम होत नाही; बाधित परिचारिका मात्र लक्षणे दिसण्याआधीही काही संसर्ग पुढच्या खाटेपर्यंत नेऊ शकते.

पोशाखाविषयीचा समज मला अधिक घातक वाटतो. 2014-15 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांना बाधा होण्याचे प्रमाण सर्वसाधारण प्रौढांच्या 21 ते 32 पट असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्राथमिक अहवालात नोंदले गेले, आणि बाधितांत निम्म्याहून अधिक परिचारिका व त्यांच्या सहायक होत्या. पोशाख असला तरी तो उतरवण्याची वेळ फार जोखमीची असते : बाहेरची बाजू रुग्णाच्या रक्ताने वा उलटीने माखलेली, आतले अंग घामाने निथळत असलेले, आणि थकलेला हात कपाळ पुसायला नकळत वर जाणारा. म्हणूनच इबोला कक्षात प्रत्येक पायरी मोठ्याने सांगणारा प्रशिक्षित निरीक्षक समोर उभा करतात. मनुष्यबळ अपुरे पडले की नेमका तोच माणूस आधी कमी केला जाण्याची भीती असते.

राहिला प्रतारणेचा आरोप. स्वतःचा विचार करणे म्हणजे नकार, असे त्यात परस्पर धरले आहे. ‘मास्क द्या, निरीक्षक द्या, मग मी आत जाते’ असे म्हणणारी परिचारिका रुग्णाला सोडून जात नसते. या दोन्ही गोष्टी पुरवण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांच्याविषयी मात्र त्या मजकुरात अवाक्षर नाही.