एक रुपया जास्तीचा

धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या ताटाशेजारी बसायचा मान मिळाला आणि त्याच पंगतीत माझी इज्जत गेली. मोंढ्यातले आडतवाले अण्णा, म्हणजे जावईबापूंचे सासरे, वाढप्याला मोठ्यानं म्हणाले, "सरला एक अनारसा कमी वाढ रे. त्यायनं आपला एक रुपया खाल्लाय." पंगत खदखदली. जावईबापूंना ठसका लागला. मी काहीच बोललो नाही, कारण तोंडात धोंडा होता.

प्रकरण साधं आहे. मी निवृत्त मास्तर, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाचा सचिव. सचिव म्हणजे पावसाळ्यात कपाटाखाली बादली ठेवणारा माणूस. पाडव्याला अण्णांनी वाचनालयाला 2,001 रुपये रोख दिले. मी पावती फाडली, 80 जीचा, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळते असा, शिक्का मारला, चहा प्यालो, निघालो.

आता 80 जीचा नियम असा की रोख देणगी 2,000 पर्यंतच चालते. त्याच्या वर गेलात तर वरचं तेवढं बाद होईल असं तुम्हा-आम्हाला वाटतं. नाही. अख्खी रक्कमच बाद. शकुनाचा एक रुपया खालच्या दोन हजारांना घेऊन बुडतो. हे मला पाडव्याच्या दिवशी आठवायला हवं होतं. आठवलं मे महिन्यात, देणगीदारांचा 10 बीडी फॉर्म भरताना, आयकराच्या पोर्टलवर 'रोख' हा शब्द निवडल्यावर. भला माणूस असल्यामुळे मी ते अण्णांना सांगायला स्वतः आडतीवर गेलो. ही दुसरी चूक.

अण्णा गादीवर, समोर हळदीची पोती, काट्याशेजारी एक शेतकरी विकलेल्या मालाच्या पट्टीची वाट बघत उकिडवा बसलेला.

"म्हंजी, दोन हजार देल्ले असते तर?"

"तर अर्ध्याची, म्हणजे हजाराची वजावट मिळाली असती."

"आन् एक रुपया जादा देल्ला म्हनून?"

"शून्य."

अण्णांनी कॅल्क्युलेटरवर काहीतरी दाबलं. मग तो उलटा करून सेल बघितले.

"सर, तुम्ही शाळंत गनित शिकवायचे ना?"

"मराठी."

"तरीच."

मग अण्णांनी व्यापारी डोकं लावलं. "त्यो एक रुपया वापस द्या."

"पावती फाटलीय, अण्णा. रोजकीर्दीला जमा झालाय."

"रोजकीर्दीतून काढा."

"धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावा लागतो."

"आवो मी धर्मच केलाय की! त्यायला कामून राग यायलाय?"

"मग दोन पावत्या करा. दोन हजाराची येक, रुपयाची येक," अण्णाच पुढं म्हणाले.

मी म्हटलं, पावतीपुस्तकाला नंबर असतात. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू पावतीपुस्तकांना नंबर घालायची कल्पना माझीच.

"बरं, पैसे ऱ्हाऊ द्या. त्याच्या बदली जवारीचं पोतं लिव्हा."

"वस्तू दिली तर वजावट नाही."

"सोनं?"

"सोन्यालाही नाही."

"मंग ते ऐंशीजी कोन हायत त्यायचा नंबर लावा. मी बोलतो."

एखाद्या गांधीजींसारखे एक ऐंशीजी पुण्यात गादीवर बसलेत आणि मी त्यांचा वसुली कारकून आहे, अशी अण्णांची समजूत झाली होती. ती मोडायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काट्याजवळचा शेतकरी पहिल्यांदा बोलला.

"अण्णा, तुम्ही बी आमची कटती कापताच की. आम्ही इचारतो का कामून म्हनून?"

हमाल पोतं खाली ठेवून हसला. अण्णा हसले नाहीत. त्या हसण्याचं बिल धोंड्याच्या पंगतीत मला लागलं, हे उघड आहे.

तसं मला अण्णांचं नवल वाटत नाही. गावात सगळ्यांची एकच समजूत: वाचनालय म्हणजे ट्रस्ट, आणि ट्रस्टला टॅक्स नसतो. अहो, टॅक्स नसतो म्हणजे माफी असते, आणि माफी मागावी लागते. 12 एबीची नोंदणी करा. ती कायमची नाही, मुदत संपायच्या आत पुन्हा अर्ज करा, पुन्हा पुण्याच्या सूट आयुक्तांपर्यंत कागद पोचवा. उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षी खर्च करा. आम्हाला पत्र्याचं छप्पर करायचंय, म्हणजे पैसे साठवायला हवेत. साठवायचे तर फॉर्म 10 भरून कळवा की कशासाठी, किती वर्षं. पाचाच्या पुढं नाही. छपराला हे कुणी कळवलं नव्हतं, ते आधीच गळायला लागलं. 10 बीडीला 31 मेच्या पुढं गेलात की दिवसाला 200 रुपये. पाच दिवस उशीर झाला की हजार, म्हणजे आमच्या मासिकांचं बिल. आणि ओटीपी जातो अध्यक्षांच्या मोबाइलवर. अध्यक्ष असतात शेतातल्या आखाड्यावर, तिथं रेंज लिंबाच्या झाडावर चढल्यावर येते. ते 74 वर्षांचे आहेत. यंदा चढले.

एवढं करून आमच्यासारख्या लहानशा वाचनालयानंही हेच भरायचं. मोठ्या संस्थांना पगारी माणसं असतात, आमच्याकडं मी आहे. विनोद करायला बसलो होतो, पण हे लिहिताना पुन्हा डोकं तापलं. त्यात 80 जी हा आकडा कुठं गावाच्या तोंडी बसला होता, तर 1961 चा कायदाच गेला. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा, कलमांचे आकडे वेगळे. म्हणजे शिक्का नवा करा.

तर पंगत. ठसका ओसरल्यावर जावईबापूंनी, जे सीए आहेत, विचारलं काय भानगड. मी सांगितली. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि सासऱ्यांकडं वळून शांतपणे म्हणाले, "पण मामा, तुमचं रिटर्न दोन वर्षांपासून मी नव्या करप्रणालीत भरतोय. तिच्यात ही वजावट नसतेच. दोन हजार दिले असते तरी शून्यच होतं."

मला वाटलं, सुटलो. भर पंगतीत निर्दोष सुटलो.

अण्णांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी सर, एक नाही, पुरे दोन हजार एक खाल्ले म्हना की!"

या वेळी आतल्या खोलीतल्या बायकासुद्धा हसल्या.

मग अण्णांनी चांदीच्या तबकात तेहतीस अनारसे, त्यावर दिवा आणि शेजारी सोन्याची अंगठी ठेवून जावयापुढं धरली. मी हळूच विचारलं, "जावईबापू, हिच्यावर टॅक्स?"

"सासऱ्याकडून आलीय. करमुक्त."

"फॉर्म?"

"नाही."

"ओटीपी?"

त्यांनी अंगठी घालून बघितली. थोडी सैल होत होती. वाढप्या अनारशांची परात घेऊन माझ्यासमोरून गेला आणि थांबला नाही.