तिबेटवर ‘समतोल’ बोलू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत नुकतेच एका अभ्यासू वक्त्यांनी दलाई लामांचा उत्तराधिकारी हा चीनचा अंतर्गत प्रश्न कसा आहे, हे तासभर इतक्या गोडीने समजावले, की तशी विद्वत्ता आपणांसही साधावी म्हणून हा खटाटोप.

आवाज शांत ठेवावा.

चीनने तिबेटशी केलेल्या १९५१ च्या सतरा कलमी करारातले, तिबेटने ‘मातृभूमी’ चीनकडे परतावे असे सांगणारे पहिले कलम खणखणीत वाचावे. दलाई लामांचे स्थान व अधिकार बदलले जाणार नाहीत, असे वचन देणारे चौथे कलम आले की पाणी प्यावे.

पुनर्जन्मी लामांना सरकारी मंजुरी सक्तीची करणाऱ्या चीनच्या २००७ च्या आदेशाला ‘प्रशासकीय सुसूत्रता’ म्हणावे. ज्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यांना धर्म पाळण्याचीच मुभा नाही, त्याने कोणता लामा कोणाच्या घरी जन्मला यावर शिक्का मारावा, यात विसंगती दिसत असेल तर आपला अभ्यास अपुरा आहे.

पंचेन लामांचा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखाल मान असलेल्या तिबेटी धर्मगुरूंचा, विषय मात्र टाळावा, कारण तेथे समतोल टिकत नाही. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी गेधुन चोक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला अकरावे पंचेन लामा म्हणून जाहीर केले आणि तीनच दिवसांनी तो आईवडिलांसह नाहीसा झाला. पंचेन लामांचा पुनर्जन्म म्हणून त्याला शोधून काढणाऱ्या समितीचे प्रमुख चाड्रेल रिन्पोचे तुरुंगात गेले. नोव्हेंबरात ल्हासाच्या जोखांग मंदिरात अधिकाऱ्यांच्या देखत, बीजिंग जिला परंपरा म्हणते त्या रीतीने, सुवर्णकलशातून चिठ्ठी निघाली ती दुसऱ्याच मुलाची. का, तर पुढचे दलाई लामा ओळखण्यात परंपरेने पंचेन लामांचा शब्द मोलाचा असतो. मूळ मुलगा शिकला, नोकरीला लागला, त्याला त्रास नको, असे २०२० मध्ये बीजिंगने कळवले. मग त्या सुखी नोकरदाराचे तीस वर्षांत एक छायाचित्र का नाही? कोणते सरकार पोरासोरांना धरून नेते आणि वर परंपरेचा दाखला देते?

हे विचारल्यावर वक्तेमहाशय म्हणाले, “तो मुद्दा वेगळा.” वेगळा नाही, तोच मुद्दा आहे! उत्तराधिकाऱ्याला मान्यता देण्याचा अधिकार केवळ गादेन फोद्रांग या त्यांच्याच न्यासाचा, असे दलाई लामांनी २ जुलै २०२५ रोजी बजावले, ते याच अनुभवातून. बीजिंगची बाजू मांडायला बीजिंगचे पगारी प्रवक्ते आहेत. आमच्या वर्गणीतून मानधन घेऊन तेच वाचून दाखवणे हा निव्वळ आळस आहे, आणि त्याला समतोल म्हणणे हा निलाजरेपणा. पुन्हा याल तेव्हा निदान त्या मुलाचे नाव तरी पाठ करून या.